स्पेनमध्ये होस्ट फॅमिलीकडं राहून स्पॅनिश शिकायचंय? कोल्हापुरातनं जाणाऱ्यांसाठी पहिले तीन आठवडे

स्पेनमधल्या सालामांका शहरात स्पॅनिश शिकून परत आल्यापासनं आठवड्याला एखादा तरी मेसेज येतोच. कुणाच्या भाचीला जायचंय, कुणाचा पोरगा पुण्यात स्पॅनिशची दुसरी लेव्हल संपवून बसलाय आणि घरचे म्हणतायत परक्या माणसाच्या घरात तू राहणार कसा. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. मी सप्टेंबर ते जानेवारी असे पाच महिने तिथं होतो, पाचही महिने एकाच घरात, साठीच्या एका बाईंकडं, पुढं त्यांना नुसतं सेन्योरा म्हणेन. राजारामपुरीतल्या घरातनं पहिल्यांदाच एकटी बाहेर पडलो होतो, त्याआधी एकटं राहायचा अनुभव शून्य. तिकीट, व्हिसा याची माहिती कुठंही मिळते, पण त्या घरात पाऊल टाकल्यावर काय करायचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि माझं मत असं झालंय की स्पॅनिश वर्गात कमी आणि जेवणाच्या टेबलावर जास्त येतं, त्यामुळं टेबलाबद्दल इथं जरा जास्तच लिहिलंय.

१. आधी किती दिवस जाणार ते पक्कं करा

कारण सगळे कागद त्यावर ठरतात. ९० दिवसांपर्यंत असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा कमी मुदतीचा व्हिसा), त्याच्यावर एक दिवस जरी गेला तर स्पेनचा लाँग टर्म स्टुडंट व्हिसा. आणि १८० दिवसांच्या वर गेलात तर त्यात पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणि मेडिकल सर्टिफिकेट वाढतं, शिवाय तिथं पोचल्यावर एका महिन्याच्या आत टीआयई नावाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागतो. मी मुद्दाम १८० च्या आत कोर्स बसवला, पहिल्यांदा जाणाऱ्यानं तसंच करावं असं मी सांगेन.

"तीन महिन्यांचा व्हिसा काढून जा, तिकडं गेल्यावर वाढवून घे" असं सांगणारा एक तरी माणूस भेटतोच, त्याचं ऐकू नका. कोर्स चार महिन्यांचा असेल तर पहिल्यापासनं चार महिन्यांचाच व्हिसा मागा.

लाँग टर्म व्हिसासाठी मला लागलेले कागद:

– पासपोर्ट, फॉर्म, फोटो
– शाळेचं प्रवेशपत्र, त्यात आठवड्याला किती तास शिकवणार ते लिहिलेलं असलंच पाहिजे
– राहण्याचा पुरावा, म्हणजे होस्ट फॅमिलीचा पत्ता असलेलं शाळेचं पत्र
– पैशाचा पुरावा: मी अर्ज केला तेव्हा महिन्याला ६०० युरोचा हिशोब धरत होते, वडलांच्या खात्यावरचे पैसे दाखवणार असाल तर त्यांचं पत्र आणि नात्याचा पुरावा पण
– संपूर्ण मुदतीचा हेल्थ इन्शुरन्स
– पोलिस क्लिअरन्स आणि मेडिकल, फक्त १८० दिवसांच्या वर असेल तरच. यांना अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) आणि स्पॅनिश भाषांतर दोन्ही लागतं, आणि त्यातच सगळ्यात जास्त दिवस जातात

इन्शुरन्सचा माझा अनुभव ऐकून ठेवा. एका एजंटनं मला साधी ट्रॅव्हल पॉलिसी दिली, "सगळे हीच घेतात" म्हणाला. त्या पॉलिसीत दवाखान्याच्या बिलातला थोडा भाग आपण भरायचा अशी अट होती आणि तेवढ्यावरनं माझा अर्ज अडला. लाँग टर्मसाठी असा हिस्सा नसलेली पॉलिसी लागते. शेंगेनसाठी नियम वेगळा आहे, तिथं किमान ३०,००० युरोचं कव्हर बघतात. पॉलिसी घ्यायच्या आधी एजंटकडनं हे लेखी घ्या.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वकिलातीच्या अखत्यारीत येतात. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचून लगेच अपॉइंटमेंट असं करू नका, घाटात गाडी थांबली की संपलं. आदल्या दिवशी पोचा. आणि लाँग टर्मची तयारी कोर्सच्या निदान तीन-चार महिने आधी सुरू करा.

शाळा निवडताना ती इन्स्टिट्यूटो सेर्वांतेस या स्पॅनिश भाषेच्या सरकारी संस्थेच्या मान्यताप्राप्त केंद्रांच्या यादीत आहे का बघा. पुढं डेले ही स्पॅनिशची परीक्षा द्यायची असेल तर तीही हीच संस्था घेते.

२. होस्ट फॅमिलीच्या फॉर्मवर लाजून लिहू नका

शाळा एक फॉर्म पाठवते: काय खाता, ॲलर्जी आहे का, घरात कुत्रं-मांजर चालेल का, सिगारेटचा वास चालेल का. आपल्याकडची सवय अशी की "काही चालेल हो, ॲडजस्ट करतो" असं लिहायचं. तसं करू नका. तो फॉर्म वाचूनच ते घर ठरवतात, तुम्ही काही चालेल लिहिलं तर तुम्हाला काहीही मिळेल आणि मग तक्रार करायला तोंड उरत नाही.

जेवणाचे साधारण दोन प्रकार असतात. मेदिया पेन्सियोन म्हणजे नाष्टा आणि एक जेवण, पेन्सियोन कोम्प्लेता म्हणजे तिन्ही. पहिला महिना पूर्णच घ्या. पैसे वाचवायला मी एक जेवण कमी करणार होतो, शाळेतल्या बाईंनी नको म्हणून सांगितलं आणि ते लई बरं झालं, कारण दुपारचं जेवण म्हणजे रोजचा दीड तास फुकट बोलायची प्रॅक्टिस.

३. बॅगेत काय न्यायचं, काय नाही

तूप, पेढे, खवा, बर्फी, सुकं मटण यातलं काही नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरनं येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. आईनं डोळ्यात पाणी आणलं तरी तुपाची बरणी घरीच ठेवा. ताजी मिरची, ताजा कढीपत्ता पण नको. कांदा-लसूण मसाला, सुकी चटणी, भडंग, चहा पावडर, सुंठ, गूळ हे माझं सगळं व्यवस्थित गेलं. मसाला तीन पिशव्यांत बांधा, तेल सुटतं आणि कपड्यांना लागलेला तो रंग जात नाही.

होस्टसाठी काही तरी न्यावं. मी सेन्योरांसाठी कोल्हापुरी चप्पल नेली होती, शाळेकडनं त्यांच्या पायाचा नंबर आधी विचारून घेतला, तिकडचा नंबर ३८ वगैरे असा असतो. त्यांनी ती हिवाळाभर कपाटावर मांडून ठेवली आणि येईल त्या पाहुण्याला काढून दाखवायच्या. गुळाची छोटी ढेप पण नेली होती, ती मात्र चहाबरोबर आठवड्यात संपली.

बाकीचं: आपली तीन पिनची पिन तिथं बसत नाही, दोन गोल पिनचा ॲडॉप्टर न्या. घरात घालायचे स्लीपर न्या, का ते पुढं येईल. ऑक्टोबरपासनं थंडी पडते, शहर समुद्रसपाटीपासनं ८०० मीटरच्या आसपास आहे आणि हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. पण जाड जॅकेट इथनं घेऊ नका, तिथं चांगलं मिळतं, फक्त थर्मल न्या. नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट.

आणि आपलं इथलं सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात. जायच्या आधी रोमिंगवर मेसेज येतोय का ते कंपनीकडनं पक्कं करून घ्या, नाहीतर स्वतःचेच पैसे स्वतःला काढता येत नाहीत.

४. पोचायचा दिवस

माद्रिदच्या बाराखास विमानतळावरनं सालामांकाला थेट बस आहे, अडीच-तीन तास लागतात. नाहीतर चामार्तीन स्टेशनवरनं रेल्वे. अंतर साधारण कोल्हापूर-पुण्याएवढं. विमान आणि बसमध्ये निदान तीन तासांची सोय ठेवा, इमिग्रेशनची लाईन कधी केवढी असेल सांगता येत नाही. शाळेचं पत्र, घराचा पत्ता, इन्शुरन्स आणि परतीचं तिकीट हातातल्या बॅगेत कागदावर ठेवा. अधिकाऱ्यांनी मला दोनच प्रश्न विचारले, कुठं राहणार आणि परत कधी जाणार.

आता पत्त्याचं. तिथं बिल्डिंगच्या दारावर नावं नसतात, नुसती बटणं असतात, मजला आणि त्यापुढं अक्षर किंवा डावं-उजवं. इथ्किएर्दा म्हणजे डावं, देरेचा म्हणजे उजवं. माझ्याकडं रस्ता आणि नंबर होता, मजला होता, पण डावं की उजवं ते नव्हतं. दुपारी साडेतीनला मी दोन बॅगा घेऊन खाली उभा आणि समोर बारा बटणं. चुकीचं बटण दाबून एका आजोबांची झोप मोडली. म्हणून पत्ता पूर्ण घ्या, आणि दुपारी दोन ते पाच शक्यतो पोचू नका, ती जेवणाची आणि विश्रांतीची वेळ असते, बरीच दुकानं पण त्या वेळात बंद. रविवारी पोचणार असाल तर पाणी आणि काही तरी खायला बरोबर ठेवा, रविवारी बहुतेक दुकानं उघडतच नाहीत.

दारात सेन्योरा दोन्ही गालांना गाल लावून भेटतील, त्याला दोस बेसोस म्हणतात. अवघड वाटत असेल तर आपण आधी हात पुढं करा, कुणी राग मानत नाही.

५. पहिल्याच संध्याकाळी घरात या गोष्टी विचारा

दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. एकदा चुकीची सवय लागली की सांगताना त्यांनाही जड जातं. "प्वेदो" म्हणजे "करू का", हा एक शब्द पाठ असला तरी पुरे, पुढं हातानं दाखवा.

– आंघोळ किती वाजता आणि किती वेळ. पुष्कळ घरात गरम पाण्याची टाकी छोटी असते किंवा केशरी रंगाच्या गॅस सिलिंडरवर चालते, त्याला बोंबोना म्हणतात. मी पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं शॉवर घेतला आणि सेन्योरांच्या मुलाला गार पाण्यानं आंघोळ करावी लागली. पाच मिनिटं पुरतात.
– बाथरूमची फरशी कोरडी ठेवतात. बादली-मग नसतो, पाणी बाहेर आलं की खालच्या घरात गळतं. टॉयलेटमध्ये जेट नसतो, जुन्या घरात शेजारी बिदे म्हणजे धुवायचं बुटकं बेसिन असतं, नसेल तर छोटी बाटली ठेवायची, यात लाजण्यासारखं काही नाही.
– घरात अनवाणी फिरू नका. आपल्याकडं चप्पल दाराबाहेर काढून अनवाणी आत येणं म्हणजे स्वच्छता, तिकडं उलटं, अनवाणी पाय म्हणजे थंडी लागणार आणि पाय घाण होणार. सेन्योरांनी मला तीन दिवसांत चारदा हटकलं, "इखा, लास थापातियास," म्हणजे पोरी, स्लीपर घाल.
– खिडकीचं शटर, पेर्सियाना, कसं खाली ओढायचं. एकदम सोडलं की पट्टा तुटतो.
– हीटर किती ते किती चालू असतो.
– कपडे आठवड्यातनं किती वेळा धुतात, आणि ते तुम्ही टाकायचे की त्या टाकणार.
– किल्ली. तिथल्या कुलपाला दोन-तीन वेढे द्यायचे असतात. बाहेर पडायच्या आधी त्यांच्यासमोर दार उघडून-लावून बघा.
– रात्री किती वाजेपर्यंत आलं तर चालेल आणि जेवायला येणार नसाल तर किती आधी सांगायचं.

शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. वाढून ठेवलेलं ताट आणि न आलेला पाहुणा हे त्यांनाही आपल्याएवढंच लागतं.

६. जेवण

वेळा अशा: सकाळी कॉफी आणि दोन-चार बिस्किटं किंवा टोस्ट, दुपारी अडीचच्या सुमाराला मुख्य जेवण, रात्री साडेनऊ-दहाला हलकं. आपण सकाळी मिसळ नाहीतर पोहे हाणून बाहेर पडणारी माणसं, त्यांना अकरा वाजता वर्गात पोटात कावळे ओरडतात. पिशवीत केळ-सफरचंद ठेवा, किंवा सुट्टीत कोपऱ्यावरच्या बारमध्ये तोर्तियाचा एक तुकडा खा. बार म्हणजे तिकडं दारूचा गुत्ता नाही, म्हाताऱ्या आज्या पण नातवंडांना घेऊन कॉफी प्यायला येतात, घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. तोर्तिया म्हणजे बटाटा आणि अंड्याचं जाड ऑम्लेट.

शाकाहारी असाल तर नुसतं "मी शाकाहारी" म्हणून भागत नाही. "कार्ने" म्हणजे मटण नको म्हटलं की पुष्कळांच्या मते खामोन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, आणि ट्यूना मासा त्यात येतच नाही. मसुराची आमटी शाकाहारी दिसते पण त्यात चोरीथोचे, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचे, तुकडे असतात, भाजीचं सूप दिसतं पण पाणी हाडाचं असतं. म्हणून एक एक नाव घेऊन सांगा: "नो कोमो कार्ने, नि खामोन, नि पेस्कादो, नि काल्दो दे कार्ने. वेबोस इ लेचे, सी." म्हणजे मटण नाही, खामोन नाही, मासा नाही, मटणाचं पाणी नाही, अंडी आणि दूध चालतं. अंडी पण चालत नसतील तर पहिल्या मेलमध्येच कळवा, कारण अंड्याशिवाय त्यांचा रात्रीचा स्वयंपाक अडतो. मी घरी तांबडा-पांढरा खाणाऱ्यातली, तरी डुक्कर आणि बीफ खात नाही, मला "नि थेर्दो नि तेर्नेरा" एवढं सांगून भागलं. त्यांचा ओर्नाथो, सालामांकाची खासियत, म्हणजे आत चोरीथो आणि डुकराचं मांस भरलेली भाजलेली पोळी, तो मी कधी खाल्ला नाही आणि कुणी रागावलं पण नाही.

उपवास असेल तर वार सांगा आणि कारण पण सांगा. सेन्योरा स्वतः ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी मटण खात नाहीत, त्यामुळं माझा गुरुवार त्यांना एका वाक्यात कळला.

आता आग्रहाबद्दल. आपल्याकडं वाढणारी व्यक्ती "घे की" म्हणते, आपण "नको नको" म्हणतो, ती तरी वाढते, मग आपण खातो. त्या घरात पहिल्या दिवशी मी सवयीनं नको म्हटलं आणि भांडं सरळ आत गेलं. रात्री खोलीत भडंग खाऊन झोपलो. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. पोट भरलं असेल तर "एस्तोय येना" म्हणा, मुलगा असेल तर "येनो".

पावाशिवाय जेवण नाही. ताटातला शेवटचा रस्सा पावानं पुसून खातात, आपण भाकरीनं पुसतो तसंच, मला तिथं पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. बाकी सगळं काट्या-चमच्यानं. सुरू करताना "के आप्रोबेचे" म्हणायचं.

आणि जेवण झालं की उठू नका. यालाच सोब्रेमेसा म्हणतात, जेवणानंतर टेबलावर बसून मारायच्या गप्पा. मी पहिला आठवडा ताट उचलून ठेवून सरळ खोलीत जायचो, दार लावायचो आणि मोबाईल बघायचो, कारण डोकं भणभणलेलं असायचं आणि बोलायची भीती वाटायची. नवव्या दिवशी सेन्योरांनी हात धरून बसवलं, संत्र सोलून पुढ्यात ठेवलं आणि विचारलं तुझी आई काय स्वयंपाक करते. मी पांढरा रस्सा समजावून सांगायला लागलो. नारळाचं दूध, तीळ, खसखस, खसखशीला शब्द माहीत नाही, मोबाईलमध्ये फोटो काढून दाखवला, त्या म्हणाल्या "आमापोला", ते झाड आमच्या शेताच्या बांधाला येतं. मग त्यांच्या गावाचं, शेताचं, वडलांचं निघालं. पाऊण तास गेला. मला निम्मं कळलं नाही, पण त्या दिवसापासनं मी दार लावलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवसापासनं बसा. अर्धा तास नुसतं ऐकलं तरी चालतं, मधे मधे "बाले" म्हणत राहायचं, आपल्या "हां, बरं" सारखं.

७. शाळेचा पहिला आठवडा

पहिल्या दिवशी लेव्हल टेस्ट होते, थोडी लेखी आणि थोडी तोंडी. आपण पोरं लेखीत पुढं आणि बोलण्यात मागं, त्यामुळं वरच्या वर्गात पडायची शक्यता जास्त. दोन दिवस बसून बघा, शिक्षक जे सांगतात त्यातलं निम्मंसुद्धा कळत नसेल तर तिसऱ्या दिवशी जाऊन खालचा वर्ग मागा, पहिल्या आठवड्यात बदलून देतात. पुढच्या आठवड्यात तेवढं सोपं राहत नाही.

वर्गात भारतीय कुणी असेल तर दोस्ती करा, पण सगळा वेळ हिंदी-इंग्रजीत जाणार नाही हे बघा. भेटायला जागा एकच लक्षात ठेवा, प्लाथा मायोर या मुख्य चौकातलं घड्याळ. तिथं सगळं गाव एकमेकांना "घड्याळाखाली भेटू" असंच सांगतं, जसं आपण रंकाळ्यावर भेटू म्हणतो. विद्यापीठ १२१८ साली स्थापन झालेलं, त्याच्या जुन्या दारावरच्या कोरीवकामात कवटीवर बसलेला बेडूक आहे, तो कुणाच्या मदतीशिवाय शोधला तर परीक्षेत पास होतो म्हणतात. पहिल्याच शनिवारी सेन्योरांनी मला तिथं उभं केलं आणि सापडल्याशिवाय हलू दिलं नाही.

८. मराठी कुठं कामाला येते आणि कुठं घोळ घालते

हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नाही. आपण स्पॅनिश इंग्रजीतनं शिकतो आणि इंग्रजीच्या चुका उचलतो, पण मराठीतनं शिकलं तर अर्धं काम सोपं होतं.

उच्चार: त आणि द आपलेच आहेत. इंग्रजी माध्यमातली पोरं "टेंगो", "टू" म्हणतात, ते "तेंगो", "तू" आहे, जीभ दाताला लावून. प, त, क मध्ये हवा सोडायची नाही, ती आपण तशीही सोडत नाही. ब आणि व त्यांच्यात एकच, ब सारखा. ख मात्र आपल्यापेक्षा घशातनं खरवडून. ग्राथियास (धन्यवाद) मधला थ आपला नाही, जीभ दातांच्या मधे ठेवून नुसती हवा सोडायची. लॅटिन अमेरिकेत तिथं स म्हणतात, पण सालामांकात राहताय तर तिथलंच शिका.

क्रियापद: "जातोस का?" म्हटलं की तू वेगळा सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्येही तसंच, "बास?" एवढंच. दर वाक्याला "यो, यो" म्हणजे मी, मी लावणारा माणूस तिथं विचित्र वाटतो.

आवडणं, दुखणं: "मला कॉफी आवडते" याला ते "मे गुस्ता एल काफे" म्हणतात, बांधणी अगदी आपलीच. "माझं डोकं दुखतंय" म्हणजे "मे द्वेले ला काबेथा". माझ्या वर्गातली अमेरिकेची पोरं यात दोन आठवडे अडकली होती, मला पाच मिनिटात समजलं.

तू आणि तुम्ही: इथं जपा. आपलं तुम्ही एका मोठ्या माणसालाही चालतं आणि पाच पोरांनाही. तिकडं मोठ्या माणसाला "उस्तेद" आणि पाच पोरांना "बोसोत्रोस", एकाच माणसाला बोसोत्रोस म्हणायचं नाही. सेन्योरांनी दुसऱ्याच दिवशी "मला तू म्हण" सांगितलं. साठीच्या बाईंना तू कसं म्हणायचं म्हणून माझी जीभ वळेना. मग लक्षात आलं, आईला आपण तूच म्हणतो की. त्यानंतर अडलं नाही. पण बँकेत, डॉक्टरकडं, शेजारच्या आजोबांना उस्तेदच.

लिंग: त्यांच्याकडं दोनच, नपुंसकलिंग नाही. खुर्ची तीच, ला सिया. पण चंद्र तिथं "ती" आहे, ला लुना. मराठीवर विसंबू नका, प्रत्येक नाम एल किंवा ला लावूनच पाठ करा.

आणि कोल्हापूरच्या पोरींसाठी खास. वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल, मी मुलगी असून "गेलो, आलो, होतो" लिहितोय. आपल्याकडं घरात सगळ्या बायका असंच बोलतात आणि त्यात काही चूक नाही. पण ती सवय स्पॅनिशमध्ये आली की रोज अडखळायला होतं. दमले म्हणायला मी "एस्तोय कान्सादो" म्हणायचो, सेन्योरा भांडी पुसता पुसता मागं न वळता म्हणायच्या, "दा, इखा, दा. कान्सादा." महिनाभर रोज. स्वतःबद्दलचं विशेषण आ-कारान्त, हे कागदावर लिहून आरशाला चिकटवा.

दोन शब्दांपासनं सांभाळा. उकडतंय म्हणायला "तेंगो कालोर", चुकूनही "एस्तोय कालिएन्ते" नको, त्याचा अर्थ पार वेगळा आणि चारचौघात बोलायचा नाही. आणि "एम्बाराथादा" म्हणजे लाजलेली नाही, गरोदर.

९. सिम, पैसे, दवाखाना

सिम घ्यायला पासपोर्ट लागतो, कुठल्याही मोबाईलच्या दुकानात प्रीपेड मिळतं. फोरेक्स कार्ड दोन ठेवा, एक खोलीत, एक खिशात. रोख सुटे युरो थोडे हवेत, ५० ची नोट छोट्या दुकानात काढली की तोंड वाकडं होतं. सगळ्या इमर्जन्सीला नंबर एकच, ११२. हिरवा क्रॉस दिसला की ते औषधाचं दुकान. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देत नाहीत, सर्दी-तापाचं मात्र फार्मासिस्ट नीट समजावून देतात. पासपोर्ट घरी ठेवून झेरॉक्स बरोबर बाळगा.

१०. घर जमत नसेल तर

सगळ्यांना माझ्यासारखं घर मिळेल असं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीला जिथं ठेवलं होतं तिथं पाच विद्यार्थी होते, कुणी त्यांच्याबरोबर जेवायला बसायचं नाही, ताटं झाकून ठेवलेली असायची. ती सहा आठवडे गप्प बसली, कोर्स संपत आला तेव्हा बोलली. असं करू नका. जेवण कमी पडणं, खोली गार असणं, दाराला कडी नसणं, कुणी न बोलणं, यातलं काही असेल तर पहिल्याच आठवड्यात शाळेत राहण्याची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला भेटा. रागानं नाही, तारीख आणि गोष्ट लिहून नेऊन. घर बदलून मिळतं, हे त्यांच्यासाठी रोजचं काम आहे. ज्यात असुरक्षित वाटतं अशी गोष्ट असेल तर आठवडा पण थांबू नका, त्याच दिवशी बाहेर पडा आणि शाळेला फोन करा. नुसती घरची आठवण येत असेल, रडायला येत असेल, तर मात्र घर बदलून उपयोग नाही. माझं दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत तसं होतं.

११. घरी फोन कधी करायचा

रात्री जेवण होऊन तुम्ही मोकळे होता तेव्हा कोल्हापुरात पहाटेचे दोन वाजलेले असतात. आई जागी राहते, सांगत नाही. म्हणून दुपारची सोब्रेमेसा संपली की चार वाजता करा, उन्हाळ्याच्या वेळेत आपल्याकडं तेव्हा साडेसात होतात, फरक साडेतीन तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास मागं जातं आणि फरक साडेचार तासांचा होतो, मग तिकडच्या चारला इथं साडेआठ. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर जायच्या आधीच लाल पेनानं लिहून ठेवा. आमच्यात ती लिहिली नव्हती, आणि त्या रविवारी आई-बाबा एक तास फोनकडं बघत बसले होते.